चाकू घेऊन पुण्याला

पुण्याला जाऊन आल्यावर कुणी प्रवासवर्णन लिहीत नाही. आमच्या दापोलीकडची माणसं काशीला जातात, केरळला जातात आणि आल्यावर चार दिवस तेच सांगत बसतात. पुण्याला आपण जातो ते दवाखान्यासाठी, लग्नासाठी, नाहीतर मुलांच्या कॉलेजसाठी, आणि परतल्यावर बोलतो ते फक्त रिक्षावाल्यांबद्दल. तरी मी हे लिहायला घेतलं, कारण खिशात चाकू घेऊन फिरणारा माणूस आमच्याकडे घरटी एक आहे आणि त्यातला कुणी ना कुणी उद्या पुण्याच्या एसटीत बसणार आहे. त्याने हे वाचावं. वाचून तो शहाणा होईल असं मी म्हणत नाही. मी स्वतः अजून झालेलो नाही.

माझा धंदा कलमांचा. घरामागे लहानशी नर्सरी आहे. चाकू वडिलांचा, मिटता येणारा, लाकडी मुठीचा, पातं जेमतेम तीन इंच. त्याने आम्ही आंब्याच्या काड्या काढतो आणि रोपावर बांधतो. आमच्या घरची एक पद्धत आहे. ज्या चाकूने काडी काढली त्याच चाकूने ती बांधायची, दुसऱ्या चाकूचं पाणी तिला लागू द्यायचं नाही. म्हणून काड्या परगावाहून आणायच्या झाल्या की केळीच्या बुंध्याच्या सोपटात काड्या आणि त्यांच्या पोटात चाकू, वरून ओलं गोणपाट, असं एकच गाठोडं बांधायचं. वडिलांनी असं केलं, मी असं करतो. यात शास्त्र किती ते मला माहीत नाही, पण आमची कलमं लागतात एवढं खरं.

कर्वेनगर

माझी थोरली बहीण माई कर्वेनगरला राहते. राहत होती, असं आता म्हणायला हवं. शाळेत शिकवून तिने नवऱ्याबरोबर तिथे छोटं बैठं घर बांधलं, तेव्हा वडील एसटीने मांडीवर एक कलम घेऊन आले आणि अंगणात लावून गेले. आमच्या वाडीतल्या बिटकीचं कलम. बिटकी म्हणजे मुठीत मावणारा चोखून खायचा आंबा. बाजारात त्याला कुणी विचारत नाही. पण आमच्या बिटकीचा रस दाट, सालीला मिरमिरीत वास, आणि शेवटच्या घोटाला जिभेवर कापरासारखा थंडपणा. असा आंबा मी दुसरीकडे कुठेही खाल्लेला नाही, आणि आंबे खाण्यात माझा जन्म गेला आहे.

वाडीतलं मूळ झाड वादळात मुळासकट पडलं. उरलं ते माईच्या अंगणातलं. आता तिची सगळी सोसायटी पाडून तिथे उंच इमारत होणार होती, झाड तोडायची रीतसर परवानगी आली होती, आणि घटस्थापनेच्या सुमाराला कामगार येणार होते. माईचा फोन आला, "ये आणि काड्या घेऊन जा. नंतर माझ्याकडे फक्त बिल्डरचं पत्रक असेल. त्यात झाडं दाखवलीयत, पण ती सगळी नारळाची आहेत आणि त्यांच्याखाली गोऱ्या बायका पोहतायत."

मी सांगितल्याप्रमाणे तिने आधीच, सत्तरी ओलांडलेल्या वयात स्टुलावर चढून, निवडक फांद्यांची पानं खुडून ठेवली होती. असं केलं की आठवड्याभरात डोळे फुगतात आणि काडी बांधायला तयार होते. मी पोचलो तेव्हा घरभर खोकी होती. त्यांच्यामधून वाट काढत तिने मला वालाचं बिरडं वाढलं. इतक्या वर्षांत तिच्या बिरड्यात पुण्याची साखर शिरली आहे, पण ते तिला सांगायची हिंमत आमच्या घरात कुणाची नाही.

जेवण झाल्यावर मी सवयीने चाकू उघडून सुपारी कातरायला घेतली. समोर टीव्हीवर कुठल्याशा वस्तीत पोरांनी कोयते फिरवल्याची बातमी चालू होती.

"तो आत ठेव," माई म्हणाली.

"सुपारी कापतोय गं."

"दिसतंय मला. पण शेजारच्यांनी खिडकीतून पाहिलं तर त्यांना सुपारी दिसणार नाही."

मी हसलो. आमच्याकडे माणूस कमरेच्या मागे आकडीला कोयती अडकवून एसटीत चढतो आणि कंडक्टर फक्त विचारतो, "कुठे, माडावर का?" कोयती नसली तर उलट विचारतात की बरं नाही का. त्याच हत्याराच्या नावाने पुण्यात माणसं खिडक्या लावून घेतात, हे मला त्या रात्री गमतीचं वाटलं.

शनिवार पेठ

चाकूच्या पात्याची कड एके ठिकाणी तुटली होती. काप सरळ गेला नाही तर जोड बसत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी शनिवार पेठेतल्या एका धारवाल्याकडे गेलो. माई म्हणाली होती, माणूस तिरसट आहे पण हात चांगला आहे. दुकानावर पाटी होती : "येथे कोयते मिळत नाहीत. कारण विचारू नये." खाली दुसरी : "धार लावताना बोलू नये. बोट गेल्यास आपले."

चष्मा कपाळावर सरकवून मालकांनी चाकू उलटसुलट केला. "काय कापायचं आहे?"

"आंबा."

"ऑक्टोबरात?"

"फळ नाही हो. काडी. कलम करायचंय."

"मग हरकत नाही. माणूस म्हणाला असतात तर आज होणार नाही असं सांगितलं असतं."

धार लावून होईपर्यंत मी गप्प बसलो. मग न राहवून विचारलंच, कोयते का ठेवत नाही.

"पाटी वाचता येते ना आपल्याला?" ते म्हणाले. थोड्या वेळाने स्वतःच सांगू लागले, "आमच्या वडिलांच्या वेळी मांजरी गावाकडचे ऊसवाले गाडी भरून कोयते न्यायचे. आता कोण नेतो आणि कशाला नेतो याचं उत्तर मी द्यायचं. गिऱ्हाइकाचं मन ओळखायला मला कुणी शिकवलेलं नाही. मी पोळपाट-लाटणी ठेवतो. त्याने मारलं तर निदान घरातल्या घरात राहतं."

"आणि हा असा चाकू खिशात ठेवून फिरलं तर चालतं का?"

"धारेचं मला विचारा. कायद्याचं विचारायचं तर पलीकडच्या बोळात वकील बसतात. ते आपल्याला दुसऱ्या वकिलाकडे पाठवतील."

त्यांनी चाकू वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून हातात दिला. पलीकडचा बोळ पंचवीस पावलांवरही नव्हता. मी त्या बोळात शिरलो नाही. समोर चहाचं दुकान होतं, तिथे गेलो. पुढे जे झालं त्यानंतर हा चहा मला फार वेळा आठवला.

पुलापलीकडे

सकाळी उजाडताच मी झाडावर चढलो. खाली कामगार करवतीला तेल घालत थांबले होते. त्यांचा मुकादम समजूतदार होता, "घ्या काका, सावकाश घ्या," म्हणाला. मी फुगलेल्या डोळ्यांच्या दोन मुठी काड्या काढल्या. एकही चांगली काडी मागे ठेवली नाही. खाली येऊन सोपटात घातल्या, मधोमध चाकू ठेवला, गोणपाट पाण्यात बुडवून गाठोडं बांधलं. माईने गाठोड्यावरून हात फिरवला. मागे करवत सुरू झाली तशी ती म्हणाली, "तू नीघ. मी आत जाते. मला बघायचं नाही."

रिक्षा राजाराम पुलावरून सिंहगड रस्त्याला लागली. स्वारगेटला एसटी गाठायची, रात्री घरी, सकाळी बांधायला सुरुवात, असा माझा बेत. पुढे एका पुलाच्या पलीकडे नाकाबंदी होती. शिपायाने रिक्षा बाजूला घ्यायला लावली.

"गाठोड्यात काय?"

"आंब्याच्या काड्या."

"आणि?"

"आणि चाकू," मी म्हणालो. लपवण्यासारखं त्यात काय होतं?

चौकीचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथली माणसं आपलं काम करत होती आणि मला कुणी वावगं बोललं नाही. आदल्या रात्री त्याच भागात पोरांनी कोयत्यांनी गाड्या फोडल्या होत्या. धारदार जे सापडेल त्याची नोंद घ्या, असं वरून आलं होतं. फौजदार माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे. त्यांनी गाठोडं उघडायला लावलं. चाकूवर चिकाचे काळसर डाग होते, ते त्यांनी नीट पाहिले, वास घेतला, आणि पट्टी मागवली.

"थ्री पॉइंट समथिंग," ते म्हणाले. "काका, आर्म्स ॲक्टमध्ये नाही बसत हा. त्यात नऊ इंचांच्या वरचं पातं."

माझा जीव भांड्यात पडला. मी गाठोडं पुन्हा बांधायला लागलो.

"थांबा. आयुक्तालयाचा मनाई आदेश चालू आहे ना, सणांमुळे. त्यात लांबी नाही."

"म्हणजे?"

"इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू. लांबीचा प्रश्नच नाही."

"इजा तर चपलेनेही करता येते, साहेब."

"चप्पल सापडली असती तर बघितलं असतं."

"पण बाहेरगावच्या माणसाला हा आदेश कळणार कसा?"

"प्रसिद्ध झालाय."

"कुठे?"

"प्रसिद्ध झालाय, काका," त्यांनी समजुतीच्या सुरात पुन्हा सांगितलं.

मी म्हटलं, ठीक आहे, चाकू ठेवून घ्या. खटला करा, दंड करा. काड्या मला द्या, त्यांना आजच्या आज सावलीत पोचायला हवं. ते द्यायला तयार होते, हे मी इथे मुद्दाम लिहितो. त्यांनी फक्त विचारलं, "या काड्यांचा आणि चाकूचा संबंध काय? एकत्र का बांधलंय? लपवायला?"

लपवायला! वडिलांच्या पद्धतीला कुणी असं म्हणावं हे मला सहन झालं नाही. मी ताठ बसून सगळं सांगितलं. चाकू आणि काड्या एकमेकांना सोडून प्रवास करत नाहीत, आमच्याकडे ती एकच वस्तू धरतात, एक नेलं आणि दुसरं ठेवलं असं आमच्या घराण्यात कधी झालेलं नाही. फौजदारांनी लक्ष देऊन ऐकलं. मग शेजारी लिहीत बसलेल्या हवालदारांना म्हणाले, "घ्या लिहून. एकच वस्तू. जशी सापडली तशी सील करा."

एक चहावाला आणि माझा रिक्षावाला पंच म्हणून उभे राहिले. गाठोडं पांढऱ्या कापडात शिवलं गेलं, त्यावर लाखेचं सील बसलं. मी हात जोडले. आवाज चढवला. शेवटी, लिहायला लाज वाटते, पण रडलो. साठीतला माणूस चौकीत काड्यांसाठी रडतोय हे पाहून चहावाल्याने मला फुकट चहा दिला.

हवालदार मांजरीचे होते. सायंकाळी मला सोडताना बाहेर येऊन म्हणाले, "काका, तुमी गप ऱ्हायला पायजे हुतं. सायेब काड्या देनार हुते."

"ते खोटं बोलणं झालं असतं."

"गप बसनं म्हंजे खोटं बोलनं न्हाई. आमच्या घरात चार कोयते हायेत, ऊस हाय आमचा. मी पोलीस हाय, तरी धार लावायला कोयता पुन्यात आनत न्हाई. धारवाल्यालाच गावात बोलावतो."

"मग निदान त्यावर पाणी तरी मारा हो. उन्हाने मरतील त्या."

"सील तोडता येनार न्हाई," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "वरनं मारतो. रोज मारतो. वरनं मारायला कुनाची मनाई न्हाई."

मी कर्वेनगरला परतलो. अंगणात बुंधा होता, ताजा, ओला, भुशाने भरलेला. फांद्या टेम्पोत भरून गेल्या होत्या. खाली राहिलेल्या डहाळ्या मी अंधारात चाचपल्या. सगळी कोवळी तांबूस पालवी, कलमाला निरुपयोगी. माई दारात उभी होती. मी काय झालं ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आता सगळं झाड त्या चौकीत आहे?"

मी हो म्हटलं.

पुन्हा शनिवार पेठ

आता मात्र पलीकडच्या बोळात गेलो. तिथे माईची एक जुनी विद्यार्थिनी, गायकवाड वकीलबाई, बसतात. जिना अरुंद, खोली नीटनेटकी, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि टेबलावर उपिटाची बशी. "बाईंचे भाऊ म्हणजे आमचे मामाच," असं म्हणून त्यांनी अर्धं उपीट माझ्यासमोर सरकवलं.

मी म्हटलं, मला आधी कायदा समजावून सांगा. मी दहावी शिकलेला माणूस आहे, पण मला वाचता येतं.

त्यांनी खरोखर समजावलं. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं येतं, आणि तेही घरातल्या, शेतीतल्या, प्रयोगशाळेतल्या, कारखान्यातल्या कामासाठी बनवलेलं असेल तर वगळलेलं आहे. म्हणजे माझा चाकू दोन्ही बाजूंनी निर्दोष. मी टेबलावर हात आपटला. बघा!

"थांबा, मामा. विमानात तो जवळ ठेवता येत नाही. मेट्रोचे नियम वेगळे आहेत. कोर्टाच्या दारात काढून घेतात. आणि मनाई आदेश लागला की रस्त्यावरसुद्धा प्रश्न येतो."

"पण मग मला कळणार कसं, मी कधी निर्दोष आहे आणि कधी नाही?"

"कुठे उभे आहात, कुठला दिवस आहे, आणि समोरचा काय समजतो त्यावर."

"ह्याला कायदा म्हणतात?"

"ह्याला वकिली म्हणतात," त्या म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही हसलो नाही. "बाजू आपली चांगली आहे. खटला टिकणार नाही. वस्तू परत मिळेल."

"कधी?"

"अर्ज करते. तारीख लागेल. मध्ये सुट्ट्या आहेत."

"ताई, काडी आठवडाभर राहते. फार तर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे अर्जात लिहीन," त्या म्हणाल्या. "पण कोर्टाला नाशवंत माल म्हणजे भाजी आणि मासे माहीत आहेत. काडी नाशवंत असते हे पटवावं लागेल."

त्यांनी लिहिलंही, आणि तळमळीने लिहिलं. एक दिवस कोर्टातले साहेब रजेवर होते. एक दिवस चौकीचा अहवाल आला नव्हता. मग सुट्टी लागली. यात कुणी वाईट वागलं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या.

त्या दिवसांत मला पुणं पाहायला वेळच वेळ होता, आणि मी पाहिलं ते फक्त पात्यांचं पुणं. फळवाल्याच्या हातातली सुरी. न्हाव्याचा वस्तरा. कर्वे रस्त्यावर एक शहाळेवाला हातभर कोयत्याने नारळ सोलत होता आणि दोन शिपाई त्याच्यासमोर उभं राहून मलई खात होते. ते गेल्यावर मी त्याला विचारलं, तुम्हाला कुणी काही म्हणत नाही?

"गाडीवर आहे तोपर्यंत कोण बोलणार?" तो म्हणाला. "नारळ संपले की भीती. रिकामी गाडी आणि कोयता, असं घरी जायचं नाही. मी दोन नारळ नेहमी मागे ठेवतो."

कायद्याबद्दल मला मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला हाच. पण माझ्याकडे दाखवायला काय होतं? काड्या. आणि त्या कुणाला दिसतच नव्हत्या. ऑक्टोबरचं ऊन खोक्यांनी भरलेल्या घरावर तापायचं, माई भांडी कागदात गुंडाळायची, आणि मी बुंध्यावर बसून मनातल्या मनात एकेक डोळा सुकताना बघायचो. संध्याकाळी ती एकच प्रश्न विचारायची, "हिरव्या असतील ना रे अजून?" पहिले काही दिवस मी हो म्हणालो.

चौकी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

आदेश झाला. खटला पुढे चालवण्यासारखं काही नाही, वस्तू मालकाला द्यावी. मी वकीलबाईंबरोबर चौकीत गेलो. खंडेनवमीला तिथे शस्त्रपूजा झाली होती. बंदुकांच्या कपाटावर झेंडूच्या माळा वाळत होत्या, फरशीवर हळद-कुंकू सांडलेलं होतं. आमच्या घरीही त्या दिवशी चाकू पाटावर ठेवतात. यंदा बायकोने पाटावर नुसती कात्री ठेवली होती, असं तिने फोनवर सांगितलं होतं.

मांजरीच्या हवालदारांनी मला बघून आपट्याचं पान पुढे केलं. "सोनं घ्या, काका. कालचं हाय." मग गाठोडं आणलं. कापड ओलंचिंब होतं. "रोज पानी मारलं," ते म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी बी येऊन मारलं."

सील तोडलं. बंद कापडात, कोंदट खोलीत, रोजच्या पाण्यात काड्या काळ्या पडल्या होत्या. बोटाने दाबली की साल सुटत होती. वर पांढरी बुरशी होती. मधोमध चाकू तपकिरी गंजला होता, उघडता उघडेना. हवालदार माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी मनापासून केलं होतं. मी त्यांना म्हटलं, "चांगल्या राहिल्यात. उपकार झाले." ते सुटल्यासारखे हसले. त्या सगळ्या प्रवासात मी बोललो ते एवढंच खोटं, आणि ते मात्र कुणी लिहून घेतलं नाही.

निघताना मी फौजदारांना विचारलं, "साहेब, हा आता घरी कसा नेऊ?"

ते वकीलबाईंकडे बघायला लागले. वकीलबाई त्यांच्याकडे.

"मनाई आदेश संपला का?"

"संपला. पण दिवाळीचा निघेल," ते म्हणाले. "कोर्टाची ऑर्डर जवळ ठेवा. कुणी विचारलं तर दाखवा."

"आणि पुढच्या वेळी काड्या न्यायला यायचं झालं तर?"

"पुढच्या वेळी चाकू आणू नका ना, काका."

पुढच्या वेळी झाडच नव्हतं, पण ते त्यांना कशाला सांगायचं?

घरी

काळ्या काड्या कुणी बांधत नाही. मी बांधल्या. चाकू रॉकेलमध्ये भिजवून, दगडावर घासून उघडला आणि रांगेतल्या रोपांवर एकेक काडी नीट पाचर करून बसवली, पट्टी गुंडाळली. बायको बघून गेली. मेलेल्या माणसाला आपण आंघोळ घालतोच की. घरची पद्धत म्हणून एवढं करायचं होतं, ज्या चाकूने काढली त्याच चाकूने.

माई आता भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहे, सातव्या मजल्यावर. तिथून तिचा रोज फोन येतो. "फुटलं का रे?" मी म्हणतो, अजून वेळ आहे. काड्या कशा परत मिळाल्या ते मी तिला सांगितलेलं नाही.

परवा सकाळी रांगेत फिरताना एका रोपावर हिरवं दिसलं. दोन पानं, पोपटी, तेलकट चमकणारी.  खाली वाकून पाहिलं. जोडाच्या वर काडी तशीच काळी होती. फूट आली होती जोडाच्या खालून, रोपाची स्वतःची. ती रायवळाची, कुठल्याही कोयीची. अशी फूट आम्ही लगेच काढून टाकतो, नाहीतर ती कलमाला मारते. इथे मारायला काही उरलं नव्हतं, पण हात सवयीने खिशात गेला आणि मी चाकू उघडला.

तेवढ्यात माईचा फोन आला. हल्ली ती चेहरा दिसेल असा फोन करते. मागे रांग दिसत होती, मला फोन बाजूला घ्यायचं सुचलं नाही.

"ते काय हिरवं?" ती ओरडली. "अरे, जवळ ने बघू! फुटलं!"

मी फोन जवळ नेला. काय करणार होतो? तिकडे ती चष्मा पुसतेय, पुन्हा लावतेय. मग तिने फोन डोळ्यांजवळ नेला. तीही त्याच घरात वाढली आहे. लहानपणी रोपांना पाणी घालायचं काम तिचंच होतं.

"जोडाच्या खाली आहे ना रे?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

 सातव्या मजल्यावर मागे कुठेतरी लिफ्टचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "खुडू नकोस. असू दे तेवढं."

मी चाकू मिटला.